ठाणे-नवी मुंबईत रेडवुडच्या भाऊबंदांची लागवड

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात असलेल्या ठाणेकर आईवडिलांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. म्युअर वूड्सच्या जंगलात लालसर खोडाला पाठ टेकून दोघं उभे, आणि झाडाचा शेंडा काही फोटोत मावलेला नाही. परत आल्यावर जेट लॅग उतरायच्या आत प्रश्न येतो, "आपल्या सोसायटीत लावता येईल का हो हे?" मीही एकेकाळी हाच प्रश्न घेऊन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. घोडबंदर रोडवरच्या एकाने 'रेडवुड' ऐकून रक्तचंदन पुढे केलं, दुसऱ्याने ख्रिसमस ट्री. पुढच्या काही वर्षांत थोडी रोपं मारली, थोडी जगवली. त्यातून जे हाती लागलं ते नवख्यांसाठी लिहितोय.

उत्तर आधी सांगून टाकतो. खरं रेडवुड आपल्याकडे कुंडीत रडतखडत दोन-तीन वर्षं काढतं आणि मग एखाद्या पावसाळ्यात मरतं. पण त्याच्याच कुळात चिखलात पाय रोवून कडक उन्हात वाढणारं एक झाड आहे, टॅक्सोडियम. आपला पाऊस आणि आपला उकाडा, दोन्ही त्याला मानवतात. खालचं बहुतेक सगळं त्याच्याविषयी आहे.

कुळाची ओळख

रेडवुड म्हणून तीन झाडं ओळखली जातात. पहिलं किनाऱ्यावरचं, सेक्वोया सेम्परविरेन्स. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर आणि ओरेगॉनच्या दक्षिण टोकाला एवढंच त्याचं घर. २००६ साली सापडलेलं 'हायपेरियन' हे जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड याच जातीचं, सुमारे ११६ मीटर. दुसरं सिएरा नेवाडा डोंगरातलं जायंट सेक्वोया. उंचीला थोडं कमी, पण खोडाने राक्षस, आणि दर हिवाळ्यात बर्फाखाली राहणारं. आपल्याकडे त्याचा विचारच सोडा. तिसरं चीनमधलं मेटासेक्वोया. त्याची कथा झकास आहे. १९४१ साली शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने केवळ जीवाश्मांवरून या वंशाला नाव दिलं. झाड कधीच नामशेष झालं असाच समज होता, आणि त्याच दशकात चीनच्या हुबेई प्रांतात ते जिवंत सापडलं. ते पानगळीचं झाड आहे आणि त्याला हिवाळ्याची चांगली झोप लागते. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालणारे आपण. त्याच्या दृष्टीने तो हिवाळाच नव्हे.

टॅक्सोडियम याच घरातलं. त्याची दोन रूपं लक्षात ठेवा. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, लुइझियाना-फ्लोरिडाच्या दलदलीत वाढणारं टॅक्सोडियम डिस्टिकम, ज्याला तिथे बाल्ड सायप्रस म्हणतात. दुसरं मेक्सिकोतलं टॅक्सोडियम मुक्रोनेटम, तिथलं राष्ट्रीय झाड. ओआहाका राज्यात तुले गावातल्या चर्चच्या आवारात याचा एक वृक्ष आहे, त्याच्या खोडाचा घेर ३६ मीटरच्या पुढे भरला. उंचीत नाही तरी जाडीत हे भाऊबंद रेडवुडला हार जात नाहीत.

आणि लहानपणी पुस्तकात ठेवलेलं 'विद्ये'चं पान आठवतंय? ते मोरपंखी झाड, म्हणजे थुजा, याच सायप्रस कुळातलं. म्हणजे रेडवुडचा एक लांबचा नातेवाईक आपण सगळ्यांनीच गणिताच्या पुस्तकात दाबून ठेवला होता. उलट किहीम-अलिबागच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसायला सूचिपर्णी, पण त्याचा या गोतावळ्याशी काही संबंध नाही. त्याच्या 'सुया' म्हणजे सांधे असलेल्या बारीक हिरव्या फांद्या असतात. एखादी ओढून पाहा, सांध्यावर टक्कन तुटते.

रेडवुड इथे का मरतं

लोकांना वाटतं, दुपारचं ऊन मारतं. माझ्या मते खरी गोम रात्रीत आहे. झाड दिवसा अन्न कमावतं आणि रात्री श्वसनात त्यातलं थोडं खर्च करतं. रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. किनारी रेडवुडच्या मुलखात उन्हाळ्यातली दुपारसुद्धा वीस अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे मेमध्ये पहाटे चारलाही पारा सत्तावीसच्या खाली उतरायला तयार नसतो. त्यात तिथे उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं. त्या जंगलात झिरपणाऱ्या वर्षभराच्या पाण्यातला जवळजवळ एक तृतीयांश वाटा या धुक्याच्या ठिबकण्याचा असल्याचं मोजलं गेलं आहे. पाणी थोडं थोडं, बारा महिने. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि बाकीचे आठ महिने आभाळ कोरडं.

माझं रेडवुडचं रोप एका थंड हवेच्या ठिकाणाहून आणलेलं होतं. वर्तकनगरच्या बाल्कनीत पहिला पावसाळा मजेत गेला, एप्रिलमध्ये शेंडे करपले, जूनमध्ये पुन्हा हिरवे झाले. मी पेढे वाटायचे बाकी होतो. जुलैच्या शेवटी आठवड्याभरात ते तपकिरी पडलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटाने साल सरकत होती. उन्हाळ्याने खंगलेलं झाड, त्यात गरम आणि तुंबलेली माती. मूळकुजीला आणखी काय हवं?

रोप मिळवताना

कॅलिफोर्नियाच्या भेटवस्तूंच्या दुकानात रेडवुडच्या बियांची पाकिटं आणि नळीतली इवली रोपं मिळतात. ती तिथेच ठेवून या. परदेशातून बी किंवा रोप आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत लपवून आणलेल्या पाकिटातून एखादी बुरशी आली तर ती तुमच्या कुंडीपुरती राहत नाही.

रोपवाटिकेत टॅक्सोडियम मागा, तेही पूर्ण नावाने. तरीही हातात काय देतायत ते स्वतः पाहा. फांदीवरची नाजूक पिसासारखी पानं समोरासमोर जोडीने असतील तर ते मेटासेक्वोया. एकाआड एक असतील आणि पान मऊ, फिकट हिरवं असेल तर टॅक्सोडियम. पान कडक, गडद आणि खालून दोन पांढुरके पट्टे असतील तर किनारी रेडवुड. फांद्यांचे मजले एकावर एक रचलेले दिसले तर तो अरोकेरिया, म्हणजे आपला बाजारातला ख्रिसमस ट्री. हे पानांचं गणित मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक मेटासेक्वोया वाचलं असतं.

दोन्ही टॅक्सोडियम मिळाली तर मेक्सिकोवालं घ्या. त्याला थंडीची गरज कमी आणि आपल्याकडे ते बराच काळ हिरवं राहतं. डिस्टिकमच मिळालं तर त्याचं बी फ्लोरिडासारख्या उबदार भागातल्या झाडांचं आहे का ते विचारा. उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारलं की विकणारा जरा सावरून बोलतो.

दोन ते तीन फुटांचं रोप पुरे. सहा फुटांचं देखणं रोप घेऊ नका. पिशवीत त्याच्या मुळांनी गोल गोल वेटोळी घातलेली असतात आणि ती जमिनीत गेल्यावरही वेटोळंच घालत राहतात. भारतातल्याच कुणाच्या झाडाचं बी मिळालं तर पेरणीचीही हौस भागवता येते. डिस्टिकमचं बी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, ओलसर वाळूत मिसळून, डबाबंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवायचं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्याला मसाला समजेल. मुक्रोनेटमला हे थंडीचं सोपस्कार सहसा लागत नाही. बरंच बी पोकळ निघतं, म्हणून मूठभर पेरून आठ-दहा रोपं आली तरी खूश राहा.

जागा, माती आणि पाणी

इथे घाई करू नका. रोप मरण्याची निम्मी कारणं जागेत असतात.

ठाणे आणि नवी मुंबईत दोन प्रकारची जमीन आहे असं धरून चाला. येऊरच्या पायथ्याशी, उपवन, वर्तकनगरकडे, तसंच पारसिकच्या कुशीत बेलापूरला किंवा खारघरच्या टेकडीलगत मुरमाड लाल माती आहे. पाणी झटकन निचरतं. इथे टॅक्सोडियम छान लागतं, पण फेब्रुवारी ते मे पाण्याची हमी हवी. दुसरी जमीन खाडीकडची. कोपरी, बाळकूम, कोलशेतचा खाडीलगतचा भाग आणि वाशी-नेरूळचा बराचसा पट्टा, जिथे पूर्वी खाजण होतं आणि वर भराव टाकला गेला. वरून माती दिसते, खाली क्षार दडलेले असतात.

दलदलीचं झाड म्हणजे खाडीचंही झाड, असा घोटाळा बरेच जण करतात. टॅक्सोडियमला गोडं पाणी लागतं. लुइझियानात समुद्राचं पाणी आत शिरलं तिथे याची जंगलंच्या जंगलं वाळून उभी आहेत. म्हणून खाडीकडे राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये जागा पाहा. मातीवर मिठासारखा पांढरा थर दिसला तर ती जागा बाद. तीन फूट खणून खाली पाणी लागलं तर त्याची चव सांगायला नको, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवा. स्वस्तात मिळतो. पाचशेच्या आत आकडा असेल तर मी निर्धास्त असतो, हजाराच्या वर गेला की तिथे झाड लावत नाही. बोअरवेलचं पाणीही एकदा असंच मोजून घ्या. खाडीकडच्या सोसायट्यांत बागेला बोअरचंच पाणी घालतात, आणि उन्हाळा वाढत जातो तसं ते खारं होत जातं.

आणखी एक शत्रू बिल्डर सोडून जातो, राबिट. सोसायटीच्या कडेच्या पट्ट्यात वर चार इंच लाल माती आणि खाली सिमेंट, विटा, टाइल्सचे तुकडे. त्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह उचलता येत नाही आणि नवी पालवी पिवळी पडते. परीक्षा सोपी आहे. मूठभर माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. बुडबुडे फसफसले तर चुना आहे. अशा जागी खड्डा मोठा घेऊन राबिट पूर्ण उपसून काढा, किंवा दुसरी जागा बघा.

अंतराचं सांगायचं तर इमारतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपांपासून किमान सात-आठ मीटर, वर विजेची तार नको. सतत पाण्यात असलेल्या बाल्ड सायप्रसच्या मुळांतून गुडघ्यांसारखे उंचवटे जमिनीवर येतात, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेवर नकोच. कमिटीकडून लेखी होकार घ्या. पुढे तोडावंसं वाटलं तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. म्हणून लावतानाच नीट विचार करा. येऊरच्या जंगलात किंवा खारफुटीत नेऊन परदेशी झाड लावायचा उत्साह मात्र अजिबात नको. तिथे जे आहे ते आपल्यापेक्षा शहाणं आहे.

खड्डा आणि लावणी

मे महिन्यात तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा काढून दोन आठवडे उन्हात तापू द्या. भरताना लाल माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, वर दीड-दोन किलो निंबोळी पेंड. मुरमाड जागी वाळवी असतेच, म्हणून पेंडीत काटकसर करू नका. शेणखतात ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर ओलसर ठेवलं तर उत्तम. रासायनिक खत खड्ड्यात नको.

मृगाचे एक-दोन पाऊस पडून जमीन निवली की लावा. पिशवी कापून काढा, ओढून नको. खाली गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार चाकूने उभे दोन-तीन छेद द्या. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप जमिनीत जाऊ दे, खोड गाडू नका. बांबूची काठी पश्चिमेच्या बाजूला रोवून सुतळीने आठच्या आकड्यात सैल बांधा, कारण जुलैचा वारा तिकडूनच येतो. आळं मोठं करा आणि पावसात ते तुडुंब भरलं तरी फोडू नका. आंब्याच्या रोपाला असं पाणी साचलं तर माळी धावत येतो. इथे त्याला थांबवावं लागतं.

अरोकेरिया किंवा मोरपंखी लावायची असेल तर हे सगळं उलटं. त्यांना उंचवटा हवा, निचरा हवा, आणि लावणी गणपतीच्या सुमारास, पावसाचा जोर ओसरल्यावर. अरोकेरिया कॉलमनॅरिसची एक गंमत म्हणजे तो वाकडा वाढतो, आणि तोही विषुववृत्ताच्या दिशेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या अशा झाडांचा सरासरी कल साडेआठ अंश निघाला. तुमचा ख्रिसमस ट्री दक्षिणेला झुकला तर माळ्याला बोल लावू नका.

पहिलं वर्ष

पावसाळ्यात गवत काढण्यापलीकडे काम नाही. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू होते. पाऊस संपल्यावर पाणी सुरू करायला लोक दिवाळीची वाट बघतात, तोवर रोपाचे शेंडे सुकलेले असतात. दसऱ्यापासूनच दिवसाआड दहा लिटर द्या. खोडापासून चार बोटं जागा सोडून वाळलेल्या पालापाचोळ्याचा चार इंचांचा थर घाला आणि तो वर्षभर राहू द्या. सोसायटीत झाडून जाळायला किंवा कचरागाडीत टाकायला काढलेला पालाच वापरा.

होळीनंतर आठवड्यातून तीनदा पंधरा ते वीस लिटर, संध्याकाळी. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा, भिंतीजवळ असेल तर नक्कीच, कारण भिंत रात्री नऊपर्यंत उष्णता ओकत असते. एसीच्या नळीतून गळणारं पाणी बादलीत धरा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि एसी नेमके झाडाला तहान असते त्याच महिन्यांत चालतात. आमच्या इमारतीत आता तीन घरांच्या नळ्या एका ड्रममध्ये सोडल्या आहेत.

खत वर्षातून दोनदा गांडूळखत, जून आणि ऑक्टोबर. तिसऱ्या वर्षानंतर झाड स्वतःचं बघतं, तरी एप्रिल-मेमध्ये पाणी द्यावंच लागतं.

जमीन नसेल तर

दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून त्यात टॅक्सोडियम छान वाढतं, आणि बोन्सायची हौस असेल तर गरम हवेत याच्याइतकं सोशिक सूचिपर्णी झाड मला तरी ठाऊक नाही. माती, गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. ड्रम गच्चीच्या स्लॅबवर थेट ठेवू नका, विटांवर उचला आणि उन्हाळ्यात बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. मुळं तापली की झाड संपलं. ड्रमखाली पाण्याची परात ठेवली तर ते खूश असतं, पण डासही खूश होतात आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या शोधत गच्चीवर येतात. परातीत गप्पी मासे सोडा, किंवा दर चार दिवसांनी परात कोरडी करा.

कीड फारशी नाही. मार्च ते मे पानं धुरकट, तांबूस दिसू लागली तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर चालणारे लाल ठिपके म्हणजे लाल कोळी. औषधाच्या आधी आठवडाभर रोज सकाळी पाइपने जोरात पाण्याचा फवारा द्या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

हिवाळा

टॅक्सोडियम पानगळीचं झाड आहे हे घरच्यांना, माळ्याला आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पानं विटकरी होतात, मग पिसासारख्या डहाळ्यांसकट गळतात. मुक्रोनेटमचं हे थोडक्यात आटोपतं, डिस्टिकम पार खराटा होतं. सूचिपर्णी झाड म्हणजे बारमाही हिरवं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे पाहणाऱ्याला ते मेलंच वाटतं. शंका आली तर नखाने खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर झोपलं आहे. पाणी निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. फेब्रुवारीत काडीवर हिरवे ठिपके फुटतात आणि होळीपर्यंत झाड पुन्हा भरतं.

नेरूळला बहिणीच्या सोसायटीत आम्ही लावलेलं पहिलं झाड दीड वर्षाचं होतं. संक्रांतीच्या आधी आवाराची साफसफाई निघाली आणि वाळकं रोप म्हणून कुणीतरी ते उपटून टाकलं. बहिणीने फोन केला तेव्हा मी आधी विचारलं, "मुळं पांढरी आहेत का गं?" होती. पण तोवर दोन दिवस उन्हात पडलेली. त्याच खड्ड्यात लावलेलं दुसरं आता सहा वर्षांचं आहे, शेंडा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलाय. दर डिसेंबरला त्याच्या खोडाला सुतळीने एक पाटी बांधतो: 'झाड जिवंत आहे. पानगळ चालू आहे. उपटू नये.'